शिंगोबाचं वजन

भुताखेतांच्या गोष्टी मी जन्मभर सांगत आलो, पण विश्वास एकीवरही ठेवला नाही. कारण उघड आहे — बहुतेक मीच रचलेल्या असायच्या. ताम्हिणीच्या रानातून माझ्या सायकलच्या मागे उभी राहून थेट पौडापर्यंत आलेली बाई आमच्या आळीत पोराथोरांना पाठ होती. फक्त तिच्या लुगड्याचा रंग दर खेपेला बदलायचा, आणि आमची ही आतून ओरडून विचारायची, "आज हिरवं का हो?"

तेव्हा या सदरासाठी अनुभव लिहायला बसलो म्हटल्यावर घरात काय हशा पिकला असेल, ते तुम्ही ताडलंच असेल. हसू देत. हा अनुभव आजवर मी दोनच माणसांना सांगितला. त्या दोघांनी काय केलं ते शेवटी येईलच. यात मी रंग भरलेला नाही... एकदोन ठिकाणी सवयीने सांडला असेल तर तेवढा पुसून वाचा.

गोष्ट वीसच्या दशकातली. मी पुण्यात एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. शाळेत एक लांबोडकी खोली होती, तिला सगळे म्युझियम म्हणत. दोन भुसा भरलेले पक्षी, एक मगरीचं कातडं आणि पुष्कळशी धूळ. मग एका निवृत्त इंजिनियर गृहस्थांनी शाळेला सहा पेट्या भेट दिल्या. पेंढ्यात गुंडाळलेले दगड. नोकरीत असताना त्यांनी दूर दक्षिणेत, जिथे फार पूर्वी समुद्र होता असं म्हणतात, तिथून जमवलेले. शंख, शिंपले, चक्रीसारखे वेटोळे... सगळे दगड झालेले. ते साफ करून, लेबलं लावून कपाटात मांडायचं काम माझ्याकडे आलं, कारण शाळेत ज्याला ब्रश धरता येतो त्याला सगळंच करता येतं अशी समजूत होती.

काम मात्र मला फार आवडलं. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून बारीक छिन्नीने भोवतालचा दगड टिपून काढायचा. मग दाभणाने खाचांतली माती उकरायची. मग दात घासायचा ब्रश, सोड्याचं पाणी, वर लाखेचं पातळ पॉलिश. एकेका शिंपल्याला चार-चार दिवस लागत. कुठे तुटका असेल तर शेजारी प्लास्टरचा पुरा नमुना करून ठेवायचो, आणि तो इतका हुबेहूब व्हायचा की — हे खरंच आहे, विचारा कुणालाही — एकदा हेडमास्तरांनीच खऱ्याऐवजी खोटा उचलून वर्गात नेला होता.

हेडमास्तर म्हणजे सायन्सचा माणूस. उंच, कमी बोलणारा, आणि मिशी अशी की शाळेची घंटा तिला टांगावी. मी एकदा सगळ्या मास्तरांसमोर बोलून गेलो की असले शंख आपल्या मुळशीकडेही सापडतात, मी स्वतः पाहिलेत.

"मास्तर," ते म्हणाले, "आपला सगळा डोंगर ज्वालामुखीच्या रसाचा आहे. त्यात समुद्राचा शंख सापडायचा नाही."

"पाहिलाय म्हणतो ना."

"तुम्ही पुष्कळच पाहता." सगळे हसले. "असं करा, आणून दाखवा. आपल्या खडकातून निघालेला एक शंख आणलात तर ही मिशी काढीन."

त्या हसण्यानेच घात केला. मी काहीही पाहिलेलं नव्हतं. पण पुढच्या सुट्टीत पिशवी, हातोडी घेऊन मी मुळशीची वाट धरली. पौडापर्यंत टांगा, पुढे बैलगाडी, पुढे पाय. वीस-पंचवीस मैल असतील. मी सांगताना पन्नास सांगायचो.

खोऱ्यात तेव्हा धरणाचं काम चाललं होतं. त्याच्याविरुद्ध लोक उभे राहिले होते, पुष्कळ धरपकड झाली होती, आणि आता सगळं शांत झालं होतं — मोडलेल्या माणसाची शांतता असते ती. नदीकाठची गावं उठत होती. मी तीन दिवस फोडलेल्या दगडांच्या राशी धुंडाळल्या. काळा कातळ, आत काळा कातळ, त्याच्या आत आणखी काळा कातळ. हेडमास्तर शंभर टक्के बरोबर होते.

चौथ्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला हौसाआज्जी भेटली. धनगराची म्हातारी. पाच-पन्नास मेंढरं, काठाला भाताचं एक खाचर, रामा नावाचा एक मुलगा. गावाचं नाव लिहीत नाही, ते आता पाण्याखाली आहे. आज्जी बांधावर एका शेंदराच्या गोळ्यासमोर बसली होती. गोळा केवढा, तर लहानशा कलिंगडाएवढा.

"कोणता देव, आज्जी?"

"शिंगोबा."

"शिंगोबा का?"

"आत शिंग हाय म्हन्त्यात. मेंढ्याचं. कुनी बगितलंय? माज्या आजेसासऱ्याच्या आज्यापासनं शेंदूरच चढतुया."

मेंढ्याच्या शिंगासारखं वेटोळं. आमच्या पेट्यांतल्या दगडी चक्री अगदी तशाच दिसत. मी तिथेच बैठक मारली आणि सुरू झालो. आज्जी, हा साधा दगड नाही. हा समुद्रातला जीव आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी हितं समुद्र होता, आणि या तुमच्या खाचरात देवमासे पोहत होते. देवमाशाची शेपटी किती लांब, तेही सांगितलं.

आज्जी ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी ही जागा पयल्यापासनं पान्याचीच?"

आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण मला वाक्य सुचलं, आणि मला वाक्य सुचलं की मी ते गिळत नाही. म्हणालो, "हो आज्जी. पाणी आपल्या घरी परत येतंय, एवढंच."

ती खाचराकडे बघत राहिली. म्हणाली, "मंग आमी कुनाचं घर राखीत हुतो?"

माझं ते वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते, आणि हा तर माझ्या लाजेचा पहिलाच हप्ता.

आज्जीची अडचण निराळी होती. त्यांना माले गावाच्या बाजूला हलायचं होतं, पण जागा मिळेस्तोवर दुसऱ्याच्या गोठ्यात मुक्काम. आणि परक्याच्या वळचणीला देव बसवत नाहीत, आपला उंबरा लागतो. पाण्यात सोडून जावं तर जीव धजत नाही. मी म्हणालो, माझ्याकडे द्या. पुण्यात माझं घर आहे, देव्हारा आहे. तुमचा उंबरा झाला की घेऊन जा.

रामा म्हणाला, "आये, वळक ना पाळक."

"बामन हाय. खोटं कशाला बोलंल?" आज्जी म्हणाली. पण शहाणी होती. शिंगोबासमोरच्या वाटीतला भंडारा तिने पुढे केला. "उचला मास्तर. हाय तसा परत दीन म्हना."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — भंडारा म्हणजे देवावरची हळद. ती उचलून दिलेला शब्द धनगर मोडत नाही. मी चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि म्हणालो, "आहे तसा परत देईन." त्या वेळी माझ्या मनात खोट नव्हती. निदान पुरती नव्हती.

पुण्यात आणल्यावर आठ दिवस तो देव्हाऱ्यात होता. नवव्या दिवशी मी त्याला शाळेच्या व्हरांड्यात नेला.

शेंदराचा थर चार बोटं जाड होता. गरम सोड्याच्या पाण्याने तो सालीसारखा सुटला, आणि आतून जे निघालं ते बघून मी दाभण खाली ठेवलं. काळंभोर, घट्ट वेटोळं. त्यावर मेंढ्याच्या शिंगाला असतात तशा वळ्या, एकसारख्या, मध्याकडे बारीक होत गेलेल्या. सहा पेट्यांत इतका देखणा एकही नमुना नव्हता. तो त्या बांधावर कुठून आला असेल? कुणा यात्रेकरूने आणलेला असेल, कुणी कुणाला दिला असेल. खडकातून निघालेला नक्कीच नव्हता. हे मला कळत होतं. तरी त्या क्षणी मला दिसली ती फक्त हेडमास्तरांची मिशी.

नियमाप्रमाणे मी आधी मातीचा साचा घेतला. साच्यानंतर पॉलिशपूर्वीची सफाई करताना छिन्नी घसरली आणि कडेचा तुरीच्या डाळीएवढा टवका उडाला. हा क्रम ध्यानात ठेवा, म्हणजे मी कशाने हादरलो ते कळेल — साचा आधी, टवका नंतर. टवका मी काड्यापेटीत जपून ठेवला. सुटलेला शेंदूर शाळेमागच्या उकिरड्यावर गेला.

वर्षाने आज्जी आली. रामाला घेऊन, चालत. मालेला त्यांचं खोपट उभं राहिलं होतं, उंबरा लागला होता. मी म्हणालो, उद्या सकाळी या. त्या संध्याकाळी मी साच्यात प्लास्टर ओतलं. नुसतं फिरवून पातळ थर बसवला, आतून पोकळ. सुकल्यावर काजळी आणि डिंक, वरून तेलात कालवलेला शेंदूर. काय उतरला होता म्हणून सांगू... हातखंडा काम. हे लिहितानाही बोटांना जरा अभिमान वाटतोय बघा, अशी ही बोटं.

सकाळी आज्जीने तो दोन्ही तळहातांवर घेतला आणि किंचित वर-खाली केला. धनगर कोकराचं वजन करतात तसं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हलका झालाय."

माझं उत्तर तयार होतं. "आज्जी, शिंगोबाने खोळ टाकली." शेंदराचा थर फार चढला की कधी कधी तो आपसूक निखळतो. गावोगाव त्याला देवाने खोळ टाकली म्हणतात, मोठा शकुन मानतात. "एवढं वजन शेंदराचंच होतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कवा टाकली?"

"दिवाळीत."

"वाजवत न्हेली का न्हाई नदीला?"

खोळ वाजतगाजत नदीत सोडतात. मी म्हणालो, "हो तर. ताशा लावला होता." उकिरड्यावरचा तो ढीग माझ्या डोळ्यांपुढे होता आणि तोंडाने मी ताशेवाल्याच्या पागोट्याचा रंग सांगत होतो.

आज्जी माझ्या पाया पडली. म्हातारी बाई, माझ्या आईच्या वयाची. मी पाय मागे घेतले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात मी हेडमास्तरांपुढे दगड ठेवला. मुळशी खोरं, नदीकाठचा कातळ, माझ्या हातोडीने काढलेला. त्यांनी तो हातात तोलला, भिंग लावलं, ॲसिडचा थेंब टाकला. दगड फसफसला, शंखाचा चुना फसफसतो तसा. टवक्याच्या जागी नख फिरवून विचारलं, "हे?" मी म्हणालो, कातळ फोडताना उडाला. तासभर ते पुस्तकं चाळत राहिले. मग म्हणाले, "मी चुकलो मास्तर. पुस्तकंही चुकली म्हणायची."

दुसऱ्या दिवशी ते मिशी काढून शाळेत आले.

आता तुम्हाला ठाऊक आहे, आपल्यात मिशी कधी उतरवतात ते. त्यांचे वडील धडधाकट होते. पण सकाळपासून लोक सांत्वनाला येऊ लागले आणि दार उघडायला खुद्द वडीलच. म्हाताऱ्याला ते इतकं लागलं की सहा महिने मुलाशी बोलले नाहीत. शाळेत मी हे रंगवून सांगायचो, लोक पोट धरून हसायचे. हेडमास्तर तेवढे हसायचे नाहीत. दर आठवड्याला ओठ साफ करून घ्यायचे. शब्द म्हणजे शब्द. त्या उघड्या ओठाकडे बघायचं मी हळूहळू टाळायला लागलो.

दगड कपाटात गेला. लेबलावर टवक्याचाही उल्लेख होता. हेडमास्तरांनी कपाटाला कुलूप घालून वर दोरी बांधली आणि लाखेवर स्वतःच्या अंगठीचं सील मारलं, कारण असा नमुना उभ्या प्रांतात नाही असं त्यांना वाटत होतं. किल्लीही त्यांच्याकडेच.

तीन वर्षं गेली. मी त्या कपाटाकडे पाठ करून बसत असे. मग एक दिवस रामा शाळेत आला.

"आईनं बलिवलंय. शिंगोबाची पूजा हाय. भंडारा तुमच्या हातनं उधळायचा म्हन्ती."

"माझ्या का?"

"आमच्यात म्हनच पडलीय की. कुनी शबुद पाळला की म्हन्त्यात, मास्तरावानी भंडाऱ्याला जागला."

तो सहज बोलून गेला. मी घरी जाऊन पाट मांडलेला असताना उपाशी उठलो. आमच्या हिला सगळं ठाऊक होतं, प्लास्टर तिच्याच परातीत कालवलं होतं. ती म्हणाली, "जेवायचं नसेल तर तो दगड तरी परत नेऊन द्या. दोनातलं एक काहीतरी करा."

म्हणून ठरवलं. खरा शिंगोबा न्यायचा, पूजेच्या गडबडीत बदलायचा, नाही जमलं तर सरळ कबूल व्हायचं. हेडमास्तरांना सांगितलं, नमुन्याला पुन्हा पॉलिश हवंय. त्यांनी सील तपासलं, शाबूत होतं. स्वतः तोडलं, कुलूप उघडलं, आणि तास होता म्हणून वर्गावर गेले.

मी आत हात घातला, नेहमीच्या हिशेबाने जोर लावला, आणि माझा हात वर उडाला. कागदाचा डबा उचलावा तसा.

टिचकी मारली. पोकळ. खाली नखाने खरवडलं. काजळीखाली पांढरं. ॲसिडची बाटली काढून थेंब टाकला. काही नाही, थेंब नुसता बसून राहिला. आणि कड... कड अखंड होती. टवका नव्हताच.

मी तिथेच स्टुलावर बसलो. आधी वाटलं, त्या वेळी गडबडीत माझीच अदलाबदल झाली, आज्जीला खराच गेला. जीव भांड्यात पडला हो. मग आठवलं की आज्जी गेल्यावर आठवड्याने हेडमास्तरांनी खरा दगड हातात तोलला होता. त्यांच्या ॲसिडने तो फसफसला होता, टवक्यावर त्यांचं नख फिरलं होतं. आणि तेव्हापासून सील त्यांचंच.

दुसऱ्या दिवशी ते प्लास्टर फडक्यात बांधलं, काड्यापेटी खिशात टाकली आणि निघालो. भूगावला टांगेवाल्याने घोड्याला पाणी दाखवलं तेव्हा म्हणाला, "गप्प गप्प हायसा मास्तर. आज ती लुगड्यावाली बाई न्हाई व्हय?" मी म्हणालो, "नाही."

मालेला पोचलो तर खोपट सारवलेलं, आंब्याचं तोरण, उंबऱ्याच्या आत कोनाड्यात शेंदराचा गोळा. आज्जी वाकली होती आणखी. मला बघून तिचं तोंड उजळलं.

"या मास्तर. बगा तुमचा शिंगोबा. घ्या हातात."

मी दोन्ही हात लावले. उचलला. आणि लगेच खाली ठेवला. थंडगार, भरीव, जड. पहिल्या दिवशी बांधावरून उचलला होता तसाच.

"जड झालाय," मी म्हणालो.

"हुनारच की." आज्जी सहज म्हणाली. "तुमी दिला तवा कसा हुता, सुकल्याल्या कोकरावानी. मी म्हनलं, गाव सुटलं, रोडावलाय बिचारा. मंग काय करनार? कोकराला करतो तेच. व्यालेल्या मेंढीचा पयला चीक त्याला. दर सालाला. पयल्या साली काय न्हाई. दुसऱ्या साली हाताला लागाया लागला. औंदा भरला बगा अंगानं."

"आये, तुजं काय तरीच," रामा मागून म्हणाला.

"तू उचलून बग की. उचलतुयास तू तरी रोज?"

मी कडेवर बोट फिरवलं. शेंदराखाली एक खळगी लागली, तुरीच्या डाळीएवढी. नखाने तिथला शेंदूर काढला. खिशातली काड्यापेटी उघडली. टवका दोनदा जमिनीवर पडला. तिसऱ्यांदा तो त्या खळगीत ठेवला आणि तो बसला. वळी वळीला जुळली. रेघही दिसेना.

"ह्यो तुकडा कुटं हुता?" आज्जीने विचारलं.

आणि मी सांगायला लागलो. सगळं. व्हरांडा, सोड्याचं पाणी, साचा, प्लास्टर, काजळी, उकिरडा, न वाजलेला ताशा. फडकं सोडून तो पोकळ गोळा तिच्यापुढे ठेवला. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा एखादी गोष्ट जशी घडली तशी, तेवढीच, क्रमाने सांगत होतो. आणि मला ऐकू येत होतं की ती किती खोटी वाटतेय.

आज्जी शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग हसायला लागली, पदर तोंडाला लावून.

"मास्तर, तुमी लई रंगवता. तवा ते देवमासं सांगितलं, आता ह्ये. पूजेला आलाय तर हशिवताय व्हय आमाला?"

"आज्जी, खरं सांगतोय. मी फसवलं तुम्हाला."

"आन् मंग ह्यो कुटनं आला? तुमी तर माती दिली म्हन्ता."

"ते मला माहीत नाही."

ती थांबली. हसू मावळलं. कोनाड्यातली वाटी तिने उचलली आणि माझ्यापुढे धरली. "मंग उचला भंडारा. भंडारा उचलून म्हना, फसवलं म्हनून. मानते मी."

ते अगदी सोपं होतं. एक चिमूट. आणि ते खरंही होतं. पण याच वाटीतली चिमूट उचलून मी तिला एकदा शब्द दिला होता आणि त्या शब्दाचं काय केलं ते आम्हा दोघांत मलाच ठाऊक होतं. आता त्याच हाताने पुन्हा उचलायची, आणि तीही माझं खरं ठरावं म्हणून... माझा हात मांडीवरून उठला नाही. कुणी धरून ठेवला होता असं म्हणणार नाही, तसलं काही नव्हतं. नुसती लाज होती. पण तिचं वजन त्या दगडापेक्षा जास्त होतं.

आज्जीने वाटी मागे घेतली. "बग," ती रामाला म्हणाली, "खोट्याला हात लागत न्हाई मास्तरांचा. अशी मानसं ऱ्हायली न्हाईत." आणि तिने स्वतःच्या बोटाने माझ्या कपाळाला भंडारा लावला.

मी पूजेला बसलो. भंडारा उधळायची वेळ आली तेव्हा रामाचा हात पुढे केला. जेवलो. लोकांनी मला वरच्या पंक्तीला बसवलं होतं.

पुण्याला परतल्यावर थेट हेडमास्तरांकडे गेलो आणि त्यांनाही सगळं सांगितलं. प्लास्टर टेबलावर ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, पांढरा ओरखडा पाहिला.

"म्हणजे खडकातून निघालेला नव्हता."

"नाही."

"बाकीचं राहू द्या. सील मी तोडल्यावर दगड दोन दिवस तुमच्या ताब्यात होता. त्या दोन दिवसांत तो गेला. म्हातारीला दिलात तर निदान जागेवर गेला म्हणायचा." ते उठून खिडकीशी गेले. "वडिलांना मात्र हे तुम्ही येऊन सांगायचं."

मी गेलो, शंखाची लबाडी तेवढी सांगितली. त्यांच्या वडिलांनी मला चहा विचारला नाही. म्युझियमचं काम माझ्याकडून गेलं. दुसऱ्या दिवसापासून हेडमास्तरांनी मिशी राखायला सुरुवात केली, आणि ती पुरती भरेपर्यंत मी त्यांच्या समोरून गेलो नाही.

तर असं. एकाने माझी लबाडी खरी मानली आणि उरलेलं सोडून दिलं. एकीने उरलेलं सगळं खरं मानलं, फक्त लबाडी नाही. क्षमा मागायला गेलो होतो, पण ज्याने काही केलंच नाही त्याला क्षमा कोण करणार? आज्जी पुढे वारली. मालेच्या बाजूला ती म्हण अजून चालते म्हणे. मी तिकडे जात नाही.

खुलासा मी पुष्कळ शोधला. कुणी सील उकलून पुन्हा लावलं असेल, तर कुणी आणि कशासाठी? दुसरा दगड असेल, तर त्यात माझा टवका कसा बसला? आज्जीच्या हाताला तो वर्षावर्षाने जड कसा लागला? जितके तर्क केले तितके पोकळ निघाले. माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि रचायचं म्हटलं तर — मला रचता येतं, तुम्हाला ठाऊक आहे — या एका बाबतीत ते जमत नाही.

प्लास्टरचा तो गोळा माझ्या टेबलावर असतो. आमची ही त्याला पेपरवेट म्हणते. मेंढ्या व्यायच्या दिवसांत एखादा धनगर कळप घेऊन आमच्या रस्त्याने गेला की मी त्याच्याकडून वाटीभर चीक मागून घेतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला खरवसाची आवड. मी तो गोळ्याच्या कडेने थोडा थोडा सोडतो आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही तळहातांवर घेऊन, आज्जीसारखा, वर-खाली करून बघतो.

हलकाच आहे.